बारावीचे टक्के, सीईटीचे पर्सेंटाइल आणि प्रवेशाची यादी : नेमका हिशोब काय?

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पहिला प्रश्न असतो, "किती टक्के पडले?" पण इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा मेडिकलला प्रवेश घेताना हे टक्के दारापर्यंत नेतात, दाराच्या आत नेत नाहीत. टक्के, पर्सेंटाइल आणि मेरिट क्रमांक या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली, किंवा वेळेवर कागद नसला, की हुशार मुलामुलींची हक्काची जागा जाते. म्हणून आम्ही ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

बारावीचे गुण

राज्य मंडळाच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला लेखी ७० व प्रात्यक्षिक ३० गुण असतात. गणिताला लेखी ८० आणि अंतर्गत २०. पास होण्यासाठी ३५ टक्के लागतात. बीए, बीकॉम, बीएस्सीचे बहुतेक प्रवेश आजही याच गुणांवर होतात.

व्यावसायिक अभ्यासक्रमांना मात्र हे गुण फक्त पात्रतेपुरते असतात. इंजिनिअरिंगसाठी ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातील मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ४० टक्के लागतात. एमबीबीएससाठी हीच अट ५० आणि ४० टक्के आहे. ही अट पूर्ण झाली की पुढचा क्रम प्रवेश परीक्षाच ठरवते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटी २०० गुणांची असते. पीसीएम गटात भौतिक आणि रसायन प्रत्येकी ५० गुणांचे, गणित १०० गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीच्या आणि २० टक्के अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात.

ही परीक्षा अनेक दिवस, वेगवेगळ्या सत्रांत होते. एखाद्या सत्राचा पेपर अवघड, एखाद्याचा सोपा. म्हणून थेट गुणांची तुलना न करता, तुमच्याच सत्रातील किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, ते मोजतात. समजा, एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यातील १९,००० जणांना तुमच्याइतके किंवा कमी गुण आहेत, तर तुमचे पर्सेंटाइल ९५. गुण कदाचित २०० पैकी ११० असतील.

"९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के" हा समज त्यामुळेच चुकीचा. समजा एकूण ३ लाख विद्यार्थी असतील, तर ९० पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण ३० हजार जण असतात.

नीटचे गणित वेगळे. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीच्या उत्तराला उणे १. तिथे क्रमांक थेट गुणांवर लागतो. पर्सेंटाइल फक्त पात्रतेसाठी पाहतात : खुल्या प्रवर्गाला ५०, अनुसूचित जाती-जमाती व ओबीसींना ४०.

यादी आणि ऑप्शन फॉर्म

पर्सेंटाइलवरून राज्याची मेरिट लिस्ट लागते. मग केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅप राउंडमध्ये, कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, वरच्या क्रमांकावर अवघड कॉलेज टाकल्याने खालच्या कॉलेजातली संधी कमी होत नाही. मनातला खरा क्रम भरा. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते.

दोन, मागासवर्गीय विद्यार्थ्याचा विचार गुणवत्तेनुसार खुल्या जागेसाठीही होतो. "आपल्याला फक्त राखीव जागा" असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका. राज्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के आणि केंद्रीय संस्थांत १५ टक्के जागा आहेत.

आपल्यासाठी कळीचा कागद

बौद्ध हा धर्म आहे, जात नाही. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीने. म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ३४ वर्षांनी. त्यामुळे केंद्रीय संस्थेसाठी दाखल्यावर अनुसूचीतील मूळ जातीची नोंद लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात असावा लागतो. राज्याचा आणि केंद्राचा, दोन्ही दाखले आधीच काढून ठेवा.

राज्यातील व्यावसायिक प्रवेशांत राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्रही लागते. ते जिल्हा जात पडताळणी समिती देते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात : आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जुना महसुली कागद. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची वैधता झाली असेल तर काम बरेच सोपे होते. हे कागद गावच्या शाळेतून, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मिळवायला महिने जातात. म्हणून अर्ज अकरावीतच, कॉलेजच्या पत्रासह करावा. निकालानंतर धावपळ करून मुदतवाढीच्या भरवशावर राहू नये.

अनुसूचित जातीला नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागत नाही. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, त्यापुढे राज्याची फ्रीशिप. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे.

आम्हाला काय वाटते

एकाच परीक्षेवर आयुष्याचा क्रम लावणे न्याय्य आहे का, हा वाद घातलाच पाहिजे. पण वाद चालू असताना या वर्षीची जागा जाता कामा नये. प्रत्येक विहारात, प्रत्येक युवक मंडळाने जूनमध्ये एक रविवार ठरवावा. अकरावीच्या मुलामुलींना घरचे कागद घेऊन बोलवावे, काय आहे, काय नाही याची यादी करावी. आधी प्रवेश घेतलेल्या ताई-दादांनी शेजारी बसून अर्ज भरून द्यावेत. एवढे झाले तरी निव्वळ कागदाअभावी जाणाऱ्या जागा वाचतील.