कॉर्दोबाच्या मशिदीतली काच

स्पेनमध्ये कॉन्फरन्सला किंवा अभिलेखागारात काम करायला गेलात, की सुट्टीच्या दिवशी कोणीतरी सुचवतंच: सेव्हिलहून ट्रेनने पाऊण तासात कॉर्दोबा, संध्याकाळी परत. जरूर जा. आठशेहून जास्त खांब, वर लाल-पांढऱ्या कमानींच्या दुहेरी ओळी आणि मधोमध सोळाव्या शतकात घुसवलेलं कॅथेड्रल, हे सगळेच बघतात. तुम्ही मात्र मशिदीच्या सर्वांत जुन्या भागात जमिनीत बसवलेली काच शोधा. तिच्याखाली मोझेकचे तुकडे दिसतात. गाईड साधारण असं सांगतात: इथे सान व्हिसेन्तेचं चर्च होतं, मुसलमानांनी आधी ते ख्रिश्चनांबरोबर वाटून घेतलं, मग पहिल्या अब्द अल-रहमानने उरलेला भाग विकत घेऊन 785-86 च्या सुमारास मशीद बांधायला काढली.

यात तीन दावे आहेत. चर्च, वाटणी, खरेदी. प्रत्येकाचा पुरावा वेगळा.

वाटणी-खरेदीची गोष्ट दहाव्या शतकातल्या अल-राझी या इतिहासकाराच्या नावावर आहे, आणि आपल्या हाती ती येते इब्न इधारीच्या चौदाव्या शतकातल्या ग्रंथातून. घटना मात्र आठव्या शतकातली! शिवाय तो मजकूरच सांगतो की ही वाटणी दमास्कसच्या धर्तीवर झाली. आता अब्द अल-रहमान कोण? 750 मध्ये अब्बासींनी उलथवलेल्या उमय्या घराण्यातला, सीरियातून जीव वाचवून पळालेला राजपुत्र. दमास्कस ही त्या घराण्याची जुनी राजधानी. 929 पासून त्याचेच वंशज कॉर्दोबात खलिफा म्हणवून घेत होते. आपल्या मशिदीची जन्मकथा दमास्कससारखी असणं त्यांच्या सोयीचंच होतं. एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही हं. पण अल-राझी हा आठव्या शतकाचा साक्षीदार म्हणून वापरायचा की दहाव्या शतकाचा, हे तुम्हाला आधी ठरवावं लागेल.

उरलं चर्च. 1930 च्या दशकात फेलिक्स एर्नांदेस यांनी जमिनीखाली खोदकाम केलं. भिंती मिळाल्या, मोझेक मिळालं. पण त्याचा संपूर्ण अहवाल त्यांनी प्रसिद्ध केला नाही. त्यामुळे ते अवशेष चर्चचे, बिशपच्या वाड्याचे की आणखी कशाचे, हा वाद अजून चालू आहे. आणि तो फक्त पुरातत्त्वाचा राहिलेला नाही. 2006 मध्ये तिथल्या बिशपच्या धर्मप्रांताने ही इमारत आपल्या नावावर नोंदवून घेतली, त्याला शहरातून विरोधही झाला. ‘मुळात इथे चर्चच होतं’ हे वाक्य तेव्हापासून मालकीच्या भांडणातही येतं. म्हणून कुठलाही लेख वाचताना तो कधी लिहिलाय आणि उत्खननाची मूळ टिपणं त्यात प्रत्यक्ष वापरलीत का, ते बघा.

जाता जाता एक: ‘मूरिश’ हा शब्द टाकून शोधलंत तर बरीचशी प्रवासवर्णनंच हाती लागतील. ‘अल-अंदालुस’ आणि ‘उमय्या’ टाकून बघा. आणि तिथल्या पाट्यांचा, माहितीपत्रकाचा फोटो तारखेसकट जपून ठेवा. मजकूर बदलला की जुनी आवृत्ती मिळवणं फार जड जातं.