कल्याण कॅम्पातले पापड आणि पेढीविना व्यापार

फाळणीनंतर कराचीहून बोटीने मुंबईत उतरलेल्या हजारो सिंधी कुटुंबांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी बराकींत ठेवण्यात आले. 1949 मध्ये या छावण्यांचे उल्हासनगर झाले. तिथल्या निर्वासितांच्या आठवणी वाचताना छोट्या धंद्याची सुरुवात कशी होते, हे फार जवळून दिसते.

सुरुवातीला भांडवल नव्हतेच. बाया बराकीत उडदाचे पापड लाटत, त्यात जाडसर कुटलेली मिरी घालत, बाहेर खाटेवर वाळवत आणि मुले ते घरोघर किंवा लोकलच्या डब्यांत विकत. गोळ्या, पेन्सिली, कापडाचे तुकडे, जे उधारीवर मिळेल ते विकायला निघे. सिंधमध्ये व्यापार करणाऱ्या भाईबंद समाजाला हे तुलनेने सोपे गेले. सरकारी नोकरीची परंपरा असलेल्या आमिल घराण्यांना मात्र डोक्यावर टोपली घेणे जड गेले, आणि या आठवणींतला सर्वांत प्रांजळ भाग तोच आहे.

नफा कमी, पण उलाढाल जलद, ही या निर्वासित विक्रेत्यांची रीत. माल उधार मिळे तो नातलगांच्या आणि गाववाल्यांच्या शब्दावर. स्थानिक दुकानदारांना ही स्पर्धा बोचली.

या आठवणींच्या लेखनाची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. बहुतेक आठवणी तगलेल्यांनी लिहिल्या आहेत. बुडालेल्या फेरीवाल्यांच्या हकिकती क्वचितच कागदावर आल्या. बायकांचे श्रमही बहुधा ‘घरकाम’ म्हणूनच नोंदले गेले, जरी कित्येक घरांतला पहिला पैसा त्यांच्याच लाटण्याने आणला होता.