दातांचा ठसा : मेणापासून प्रकाशापर्यंत

दाताला कॅप बसवताना पूर्वी तोंडात लगदा भरलेला ट्रे दाबत आणि उबळ येई. आता पुष्कळ दवाखान्यांत जाडसर पेनासारखा स्कॅनर दातांवरून फिरतो आणि पडद्यावर दात उमटतात. ‘संगणकाचे माप, म्हणजे अचूकच’ हा समजही सोबत आला. ठशाचा इतिहास पाहता तो टिकत नाही.

प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचा दंतवैद्य फिलिप फाफ याने १७५६ साली मेणाचा ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची रीत ग्रंथात नोंदवली. मेण तोंडातून काढताना वाकते. पुढे समुद्री शेवाळापासून काढलेले अगार आले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून होणारा त्याचा पुरवठा तुटला आणि अल्जिनेटने जागा घेतली. तेही शेवाळाचेच. त्याचा ठसा उघडा राहिला तर आक्रसतो, पाण्यात ठेवला तर फुगतो. सिलिकॉनने हे दोष बरेच कमी केले.

प्रकाशाने ठसा घेण्याची कल्पना फ्रान्सच्या फ्रांस्वा ड्युरे याने १९७३ च्या प्रबंधात मांडली. १९८५ साली झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांच्या ‘सेरेक’ यंत्राने रुग्णाच्या दातात पहिले सिरॅमिक भरण बसले. पण इनॅमल चकाकते आणि थोडा प्रकाश आतही झिरपू देते. म्हणून दातावर टायटॅनियम डायॉक्साइडची पूड फवारावी लागे. थर जाड झाला की माप पुडीचे, दाताचे नव्हे!

आजच्या बहुतेक स्कॅनरना पूड लागत नाही. मात्र त्यांची खिडकी लहान असते. शेकडो तुकडे टिपायचे आणि ते संगणकाने जोडायचे, असा प्रकार. साखळीने शेत मोजणाऱ्याला हे लगेच कळेल : प्रत्येक साखळीमागे केसभर चूक, आणि बांधापर्यंत पोहोचेतो तिची बेरीज. एकदोन दातांसाठी स्कॅनर सिलिकॉनच्या तोडीस तोड ठरतो; एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले की फरक वाढतो. मधले दात नसतील तर अधिकच, कारण गुळगुळीत हिरडीवर जोडणीसाठी खुणा सापडत नाहीत. त्यात लाळ, रक्त, खुर्चीवरचा दिवा, स्कॅनर फिरवण्याचा क्रम आणि हाताचा सराव. हिरडीखाली दडलेली कड तर प्रकाशाला दिसतच नाही. पातळ सिलिकॉन निदान तिथवर शिरू शकते.

चूक किती चालते? मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये कडेच्या फटीची मर्यादा १२० मायक्रॉन मानली. मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. स्कॅन, कोरणे आणि सिमेंट या सगळ्यांनी तेवढ्यातच भागवायचे. फट मोठी राहिली तर सिमेंट विरघळते आणि कॅपखालची कीड रुग्णाला कळतही नाही. माहितीपत्रकांत अचूकतेचा एकच आकडा छापतात. तो एका दाताचा की अख्ख्या जबड्याचा हे लिहिलेले नसेल, तर मी त्याला किंमत देत नाही. शिवाय दहा वेळा तेच माप येणे म्हणजे ते बरोबर असणे नव्हे.

नैसर्गिक दात हाडात किंचित हलतो, इम्प्लांट तेवढा हलत नाही. म्हणून पाचसहा इम्प्लांटवर एकसंध दातांची रांग बसवायची असते तेव्हा स्कॅनर हाताशी असूनही पुष्कळ दंतवैद्य आजही ट्रे आणि सिलिकॉनच काढतात.