हलक्या विटेचे मोल

वीट हा आपला मराठी शब्द पालीतल्या 'इट्ठका'चा नातलग. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना वीट, दगड आणि लाकूड या तिन्ही प्रकारच्या बांधणीला अनुमती दिली आहे. विहाराचा आणि विटेचा संबंध असा अडीच हजार वर्षांचा आहे.

पण भट्टीतून निघणारी सगळी वीट काही सारखी नसते. जाळाजवळची जास्त भाजून काळपट, वेडीवाकडी होते, ती खंगर. कडेची अर्धकच्ची, फिकट राहते, पाणी पिते आणि नखानेही खरवडली जाते. फुटली ते रोडे. गिऱ्हाईक तिन्हींना नाक मुरडते, पण जाणता गवंडी त्यातले काहीच फेकत नाही. खंगर फोडून तो पायाच्या भरावात घालतो, रोडे फरशीखाली अंथरतो. अर्धकच्ची वीट कुटली की तिची सुरखी होते. चुन्याच्या घाणीत ती मळली की चुना ओलाव्यातही घट्ट धरतो. सिमेंट येण्याआधी पाण्याच्या टाक्या आणि गच्च्या याच सुरखीवर टिकल्या. भट्टीने नाकारलेली वीटच भिंतीचा सांधा झाली!

डोळ्यांना न दिसणाऱ्या विटेचे मोल आपले स्तूपही सांगतात. सांचीचा महास्तूप वरून दगडी दिसतो. पण त्याच्या पोटात सम्राट अशोकाच्या काळचा विटांचा लहान स्तूप आहे. दगडी कवच इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात चढले. सारनाथच्या धमेख स्तूपात १८३५ साली कनिंगहॅम यांनी माथ्यापासून खाली खोदत नेले, तेव्हा तळाशी जुन्या विटाच लागल्या. आपल्या सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना धातुकरंडक सापडला, तोही विटांच्याच स्तूपात. विदर्भात पवनीचा स्तूपही विटांचाच.

मात्र स्तूप ढासळला की त्याच विटा लोकांना नुसते रोडे वाटू लागतात. सारनाथचा धर्मराजिक स्तूप १७९४ साली बनारसच्या जगतगंज वस्तीच्या बांधकामासाठी उकरला गेला. आतल्या करंडकातल्या अस्थी गंगेत सोडल्या गेल्या. हडप्प्याच्या विटा तर १८५० नंतर लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली खडी म्हणून गेल्या, सुमारे १०० मैलांपर्यंत. केवढा इतिहास गाडीखाली दबला!

म्हणून उपासक-उपासिकांना एवढीच विनंती. नांगरताना किंवा पाया खणताना आजच्यापेक्षा लांबरुंद, जाड विटा लागल्या, तर त्या घराच्या भरावात घालू नका. जागच्या जागी राहू द्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्यातल्या कित्येक घरांनी वीटभट्टीवर घाम गाळला आहे. चिखल तुडवणाऱ्या हातांचे नाव कुठल्या शिलालेखात सहसा येत नाही. त्यांनी थापलेली वीट हाच त्यांचा शिलालेख. तो तरी आपण पुसू नये.

भवतु सब्ब मंगलं!