पापणीची सर्जरी करायचीय? आधी पापणी का लोंबतेय ते शोधा

झोप छान झालेली असते, तरी ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "बरं नाही का?" वरच्या पापणीची कातडी सैल झाली की चेहरा कायम दमलेला दिसतो. मग 'आधी' आणि 'नंतर'चे रील्स बघता बघता एक शब्द समोर येतो : ब्लेफॅरोप्लास्टी. यात पापणीची जास्तीची कातडी आणि गरज असेल तर थोडी चरबी काढतात. वरच्या पापणीचा छेद तिच्या घडीतच घेतात, म्हणून व्रण सहसा लपून जातो.

पण डोळा झाकला जातोय तो नक्की कशामुळे? पापणी उचलणारा स्नायू ढिला पडला असेल तर त्याला टोसिस म्हणतात. तिथे नुसती कातडी कापून उपयोग नाही, स्नायूवरच काम करावं लागतं. आरशासमोर बोटाने भुवई वर उचलून बघा. तेवढ्याने डोळा मोकळा झाला, तर भुवई खाली आलेली असू शकते. संध्याकाळी पापणी जास्त पडते, एकाचे दोन दिसतात? हे मायस्थेनिया ग्रॅव्हिस असू शकतं, आणि त्यावर मुख्य उपचार औषधांचा आहे. पापणी अचानक पडली असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

डार्क सर्कल्ससाठी जाणार असाल तर थांबा. काळपटपणा त्वचेतल्या रंगद्रव्याचा असेल तर या सर्जरीने तो जात नाही.

जास्त कातडी निघाली तर डोळा पूर्ण मिटत नाही आणि कोरडा पडतो. म्हणून डोळे आधीच कोरडे असतील किंवा थायरॉइड, बीपी असेल तर ते आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. क्वचित डोळ्यामागे रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. सर्जरीनंतर खूप दुखू लागलं किंवा अंधुक दिसू लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

टाके साधारण 5 ते 7 दिवसांत निघतात, सूज आणि काळंनिळं पडणं एक-दोन आठवडे टिकतं. घरात पुढच्या आठवड्यात लग्न असेल तर आत्ता नकोच! सल्ला ऑक्युलोप्लास्टिक सर्जनचा घ्या, म्हणजे पापण्यांच्या सर्जरीत खास प्रशिक्षण घेतलेल्या नेत्रतज्ज्ञाचा.

आणि खर्च? नुसतं दिसण्यासाठी केलेली सर्जरी आरोग्य विम्यात बसत नाही. पापणीमुळे खरंच दिसायला अडथळा येत असेल, तर डॉक्टरांकडून व्हिज्युअल फील्ड टेस्ट आणि फोटो घेऊन विमा कंपनीला सर्जरीआधीच लेखी विचारा.