दहा माणसे आणि दीडशे माणसे

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोटारीचा एखादा सुटा भाग कसा तयार होतो, हे येथे जमलेल्या पुष्कळांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे. कास्टिंग एका कारखान्यातून येते, लेथवरचे काम दुसरीकडे होते, हीट ट्रीटमेंट तिसरीकडे होते, आणि मग तो जॉब मोठ्या कारखान्याच्या दाराशी जातो. या तिन्ही ठिकाणच्या कामगारांची आपसांत ओळख नसली तरी काही अडत नाही. त्यांच्यामध्ये एक ड्रॉइंग असते. त्यावर मापे आणि मापांतली मुभा लिहिलेली असते. गेज बसले की जॉब पास, न बसले की परत.

याच अंबडच्या घरांतून आज मुलेमुली सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्यामुंबईस जातात. काही घरी बसूनच ते करतात. "दिवसभर काय केलेस?" असे विचारले तर "मीटिंगा" असे उत्तर येते. वडील मंडळींना याचे नवल वाटते. काम करायचे सोडून ही मंडळी इतकी बोलतात कशाला? आणि इतके बोलूनही काम उशिरा का होते? प्रश्न साधा आहे, पण त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगावा असा आमचा विचार आहे.

७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने 'सिस्टिम ३६०' ही संगणकांची नवी मालिका जाहीर केली. लहानमोठ्या सर्व यंत्रांवर तेच प्रोग्रॅम चालावेत अशी ही कल्पना होती. यंत्रांना चालवणारी मूळ प्रणाली लिहिण्याचे काम फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या देखरेखीखाली चालले होते. ऐन भरात हजारावर माणसे त्यावर राबत होती; १९६३ ते १९६६ या काळात सुमारे ५,००० मनुष्यवर्षे त्यात गेली, असा त्यांचाच अंदाज आहे.

या कामाच्या प्रारंभी ब्रुक्स यांच्यापुढे दोन अधिकारी उभे राहिले. रचना ठरवणाऱ्या विभागाच्या प्रमुखाजवळ दहा चांगली माणसे होती. सर्व आराखडा आम्ही लिहितो, पण दहा महिने लागतील, असे त्याचे म्हणणे होते. हाती असलेल्या मुदतीपेक्षा ते तीन महिने जास्त होते. दुसऱ्याजवळ दीडशे माणसे होती. आम्हीच आराखडा लिहू आणि तोही वेळेत, असे तो म्हणाला. शिवाय तोपर्यंत माझ्या दीडशे माणसांनी हातावर हात ठेवून बसायचे काय, असा त्याचा सवाल होता. पहिल्याने बजावले की, या मार्गाने उशीर तर तितकाच होईल आणि काम मात्र हलके उतरेल. ब्रुक्स यांनी कौल दीडशेंच्या बाजूने दिला. घडले ते पहिल्याने सांगितले तसेच. इतकेच नव्हे, तर आराखड्यात एकसूत्रीपणा न राहिल्यामुळे पुढे चुका काढण्यात सुमारे एक वर्ष जादा गेले. ही कबुली ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात स्वतःच्या नावाने छापली, हे आम्हांला विशेष वाटते. कोट्यवधींची चूक माझ्या हातून झाली, असे लिहिणारे अधिकारी इतिहासात फार भेटत नाहीत.

चूक कोठे झाली? हिशेब करून पाहू. तीन माणसे असली तर बोलणाऱ्या जोड्या तीन होतात. दहा असली तर ४५. दीडशे असली तर ११,१७५! माणसे पंधरा पट झाली, पण जोड्या जवळजवळ अडीचशे पट झाल्या. खड्डा खणायला माणसे वाढवली तर खड्डा लवकर होतो, कारण खणणाऱ्यांना एकमेकांस फारसे समजावून सांगावे लागत नाही. ज्या कामात प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असते, तेथे नवा आलेला माणूस आधी जुन्याचा वेळ खातो. म्हणून रखडलेल्या कामावर माणसे ओतली की ते आणखी रखडते, हा ब्रुक्स यांचा निष्कर्ष पुढे त्यांच्या नावाने नियम म्हणून प्रसिद्ध झाला.

यावर पहिला उपाय ब्रुक्स यांनी असा केला की, सर्वांना सर्व माहिती द्यायची. प्रत्येक बदल लिहून प्रत्येकाच्या हाती पोचवायचा. सहा महिन्यांत त्या वहीची जाडी पाच फूट झाली, आणि रोज सुमारे दीडशे पाने नव्याने लावावी लागू लागली! १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी नेमका उलट विचार मांडला. कामाचे तुकडे असे पाडा की, एकाच्या पोटात काय आहे हे दुसऱ्याला कळण्याची गरजच पडू नये. दोघांमधला करार तेवढा स्पष्ट असावा. अंबडच्या टर्नरला हे नवे नाही. गेज म्हणतात ते याहून वेगळे काय आहे? ब्रुक्स यांनी प्रथम हा विचार नाकारला, आणि १९९५ च्या आवृत्तीत पार्नास यांचेच बरोबर होते असे मान्य केले.

या दोघांच्या मध्ये, १९६८ साली, मेल्विन कॉन्वे यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली होती. ज्या संस्थेत जसे बोलणे चालते, तशीच तिच्या हातची यंत्रणा घडते. दोन विभागांत अबोला असला तर त्यांनी केलेल्या दोन भागांतही सांधा नीट बसत नाही. त्याच वर्षी मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, आणि हा सगळा प्रश्न आपल्या दारी आला.

आता पुण्याकडे वळू. हवा तो शक्तिमान क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. मुदत तीन वर्षांची आणि रक्कम ३० कोटी रुपयांची होती. १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. एकच अचाट यंत्र करण्याऐवजी ६४ लहान प्रोसेसर एकत्र राबवण्याची त्यात योजना होती. त्यांना ट्रान्सप्युटर म्हणत. गंमत अशी की, यंत्रांनाही माणसांचाच प्रश्न पडला: ६४ जणांनी एकमेकांशी बोलायचे कसे? प्रत्येकाची प्रत्येकाशी तार जोडायची तर २,०१६ तारा लागल्या असत्या. पण ट्रान्सप्युटरला दुवे चारच असत. म्हणजे जास्तीत जास्त १२८ जोडण्या. दूरच्याला निरोप द्यायचा तर तो मधल्यांमार्फत जाई. म्हणून गणिताचे तुकडे असे पाडावे लागत की, ज्याचे त्याने करावे, शेजाऱ्याशी थोडे बोलावे, आणि लांबच्याला क्वचितच हाक मारावी. तुकडे चुकीचे पडले की प्रोसेसर निरोपांची वाट पाहत बसत, आणि संख्या वाढवूनही वेग वाढत नसे.

मग मीटिंगा बंद कराव्या काय? तसे आम्ही म्हणत नाही. सुट्या भागाचे ड्रॉइंग पक्के झाल्यावर अंबडला येते. सॉफ्टवेअरचे ड्रॉइंग काम चालू असतानाच बदलते, कारण ग्राहकालाही आपल्याला काय हवे ते पाहिल्यावरच कळते. म्हणून बोलणे हवे. पण ते ड्रॉइंग ठरवण्यासाठी हवे, ड्रॉइंगच नसल्यामुळे नव्हे. दहांनी ठरवायचे आणि दीडशेंनी नुसते हात चालवायचे, असाही याचा अर्थ कोणी करू नये. ठरलेल्या चौकटीत उत्तम काम कसे करावे, हे शोधण्यालाही बुद्धी लागते, आणि चौकट चुकली आहे हे पहिल्याने त्यांनाच जाणवते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र हिशेबाच्या बाहेरची आहे. ब्रुक्स यांना बजावणारा माणूस होता. त्याचे म्हणणे त्यांच्या कानांवरही पडले होते. दीडशे माणसे रिकामी दिसतील, ही भीती त्याहून मोठी ठरली. बंद यंत्र पाहून जीव तुटणे हा आपल्या कारखानदारीचा जुना स्वभाव आहे, आणि लेथच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण विचार करीत बसलेली दहा माणसे म्हणजे बंद पडलेली यंत्रे नव्हेत. हा फरक ओळखला नाही, तर त्याची किंमत मुदत देणारे भरत नाहीत. ती रात्री जागून आपली मुलेच भरतात.