शेगावची पत्रावळ



२३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी शेगावात काय घडले, हे तुम्हाला मी सांगायला नको. देविदास पातुरकरांच्या घरी ऋतुशांतीचे जेवण होते. पंगती उठल्या, उष्ट्या पत्रावळी बाहेर पडल्या आणि एक दिगंबर मूर्ती त्या पत्रावळींवरची शिते वेचून मुखी घालू लागली. बंकटलाल आणि दामोदरपंतांनी ते पाहिले. दासगणूंच्या ग्रंथातून ही कथा आपण इतक्यांदा ऐकली आहे, की ती ऐकताना आता आपले पोट हलत नाही. आज ती जरा दुसऱ्या बाजूने पाहू.

साल पुन्हा वाचा. १८७८. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, कर्नाटक आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे अन्नावाचून मेली. सोलापूर-विजापूरकडची गावेच्या गावे घर सोडून निघाली. सरकारने दुष्काळी कामे काढली. त्यांवरच्या मजुराला किती धान्य दिले म्हणजे तो जगेल, याचा हिशेब सर रिचर्ड टेंपल यांनी मांडला. दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर किरकोळ खर्चापुरते काही. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची. सरकारी दफ्तरात धान्याचा असा तोळा-तोळा मोजला जात होता, त्याच काळात शेगावच्या गल्लीत एक महापुरुष टाकलेल्या पत्रावळीवरचे शीत उचलत होते. हा मेळ मी जुळवलेला नाही, तो काळानेच जुळवला आहे. महाराजांच्या मनात काय होते, ते सांगायचा अधिकार माझा नाही. पण टाकलेल्या शिताचा मान त्या दिवशी गावाला दिसला, एवढे खरे.

त्या दुष्काळाची मुख्य झळ दक्षिणेला होती. वऱ्हाडावर खरा घाला आला तो १८९९-१९०० साली. आपले बुलढाणा, अकोला तेव्हा कापसाचे भाग. (शेगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते, खामगाव आणि जळगाव तालुके १९०५ साली बुलढाण्याला जोडले गेले.) खामगावच्या बाजारातून कापसाच्या गाठी आगगाडीने मुंबईला आणि पुढे विलायतेला जात. पाऊस गेला तसा कापूस गेला, ज्वारी गेली आणि शेतमजुराचे कामही गेले. आगगाडी बाहेरचे धान्य आणू शकत होती, पण ज्याच्या हाती मजुरीच नाही, त्याने ते घ्यायचे कशाने? पुढे अमर्त्य सेन यांनी जगभरचे दुष्काळ अभ्यासून हेच दाखवले. धान्य असतानाही माणसे मरतात, कारण ते धान्य मिळवण्याचे साधन त्यांच्यापाशी उरत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पुस्तकाआधीच ठाऊक होते.

सरकारने गरीबखाने उघडले होते. तिथे शिजवलेले अन्न मिळे. तरीही पुष्कळ माणसे शेवटचा श्वास घशाशी येईपर्यंत तिथे जायला तयार नसत. सोवळे-ओवळे, जात हे एक कारण होतेच. पण लाज हेही कारण होते. गरीबखान्यात गेलेला माणूस गावाच्या नजरेतून उतरत असे.

ही लाज आपल्याच देशापुरती नाही. १८४७ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून मोठा दुष्काळ पडला होता. डब्लिन शहरात सोयर नावाच्या नामांकित आचाऱ्याने भुकेल्यांसाठी प्रचंड स्वयंपाकघर थाटले. घंटा झाली की शंभर माणसे आत घ्यायची, त्यांनी भराभर सूप प्यायचे, पुन्हा घंटा झाली की बाहेर जायचे. चमचे साखळीने बांधलेले. त्याच वर्षी जुलैत सरकारी अन्नछत्रांतून देशभर रोज तीस लाखांवर माणसे जेवत होती, आणि त्याने पुष्कळ जीव वाचले हे नाकारता येत नाही. तरी हिवाळ्याआधीच सरकारने ती बंद केली आणि भूक परत आली. मला ती साखळी विसरता येत नाही. वाढणाऱ्याला जेवणाऱ्याचा भरवसा नव्हता, तो त्या साखळीत दिसतो.

आता आपल्या पंगतीकडे वळू. पण आधी एक कबुली देतो. आपल्या पंगतीही सदैव सरळ नव्हत्या. गावजेवणात जातवार पंगती बसत, आणि काही माणसांना तर पंगत उठल्यावर दूर बसवून वाढत. चोखोबांना देवळाच्या दारात थांबावे लागले. गाडगेबाबांना पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा वेगळी बांधावी लागली, ती काही हौसेने नव्हे. म्हणून वारकऱ्याने पंगतीचा अभिमान बाळगताना मान थोडी खाली ठेवावी.

तरीही या पंथाने एक गोष्ट हातची सोडली नाही, ती म्हणजे काला. प्रत्येकाची शिदोरी एकात मिसळायची आणि एकमेकांच्या मुखी घालायची. कुणाची भाकर कुठली, हे मग शोधूनही सापडत नाही. शेगावच्या कथेतही पाहा, बंकटलालांच्या विनंतीवरून भरले पान आणले, तेव्हा महाराजांनी सगळी पक्वान्ने एकत्र कालवूनच खाल्ली. घास गोड की तिखट, हा भेद तिथेही उरला नाही.

या पत्रावळीपासून पुढे काय झाले, ते तुम्ही शेगावात जाऊन पाहिलेच असेल. १२ सप्टेंबर १९०८ रोजी, महाराज देहात असतानाच संस्थान स्थापन झाले. दोन वर्षांनी, ८ सप्टेंबर १९१० ला, महाराजांनी समाधी घेतली. आज तिथे रोज महाप्रसाद होतो. गावोगावचे सेवेकरी पाळीने येऊन बिनपगारी वाढतात, ताटे घासतात, फरशी पुसतात. कै. शिवशंकरभाऊ पाटलांनी घालून दिलेली ती शिस्त. घरी स्वतःचे ताट न उचललेला माणूस तिथे शंभरांची ताटे उचलतो. ऋषिपंचमीला पिठले-भाकर आणि अंबाडीच्या भाजीचा प्रसाद असतो. गरिबाच्या घरचेच जेवण उत्सवाचे झाले, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्याच जिल्ह्यात मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम आहे, शुकदास महाराजांनी उभा केलेला. विवेकानंद जयंतीला तिथे मोकळ्या रानात लाखो माणसे रांगा धरून बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून येते आणि दोन रांगांच्या मधून पुढे सरकते. ट्रॅक्टर जेवणाऱ्यापर्यंत जातो, जेवणाऱ्याला खिडकीपुढे ताटकळावे लागत नाही. डब्लिनच्या घंटेशेजारी हे दृश्य ठेवून पाहा.

तुम्ही म्हणाल, महाराज, एका दिवसाच्या पुरीने दुष्काळ हटतो का? नाही हटत. १९७२ चा दुष्काळ पंगतींनी नाही हटला. तो राज्यभर काढलेल्या कामांनी, तिथे वाटलेल्या सुकडीने आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीने निभावला. ती मिलो घशाखाली उतरत नसे, हे सांगणारी म्हातारी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. त्यांना विचारा. २०२३ साली जगात सुमारे ७३ कोटी माणसे उपाशी होती, आणि जगाला पुरेल एवढे धान्य त्याही वर्षी पिकले होते. काम, मजुरी, रेशन यांना पंगत हा पर्याय नव्हे. ती फक्त एवढे करते की भुकेला माणूस आणि पोटभर असलेला माणूस एकाच सतरंजीवर बसतात, आणि कोण कोणता, हे वाढप्याला ओळखू येत नाही. अमृतसरचा लंगरही हेच करतो.

मला खुपते ते वेगळेच. आपल्या सप्त्याच्या शेवटच्या दिवशी पंगत उठल्यावर पत्रावळींवर किती अन्न राहते, ते एकदा मोजा. आणि मंडपाच्या कनातीबाहेर, ऊसतोडीहून परतलेली बिऱ्हाडे किंवा रस्त्यावर मागणारी पोरे आत येऊन बसतात, की त्यांच्या हातात द्रोण देऊन बाहेरच्या बाहेर वाटेला लावले जाते, तेही पाहा.

आषाढीला शेगावची पालखी पंढरीला निघते, तेव्हा मराठवाड्यातली गावे वारकऱ्यांसाठी भाकरी थापून वाट पाहत असतात. पाऊस झाला नसला तरी थापतात. त्या वाटेवर, पंढरीच्या थोडे अलीकडे, मंगळवेढे लागते. दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे रयतेला खुली करणाऱ्या दामाजीपंतांचे ते गाव. त्या धान्याची रक्कम भरायला विठोबा बिदरच्या दरबारी गेला तो विठू महाराच्या रूपाने, पाटलाच्या किंवा भटाच्या नव्हे. यंदा तिथे मुक्काम पडला की पंगतीत बसण्याआधी कनातीपलीकडे एक नजर टाका.